टेपखालचा जॉईंट

खरं सांगते, गाडीतल्या म्युझिक सिस्टिमबद्दल माझं मत एकच होतं. गाणं ऐकू आलं की झालं! माझ्या दादाचं तसं नाही. आयटीतली नोकरी, गाडीचा हप्ता आणि वर डिकीत सबवूफर, ॲम्प्लिफायर असा सगळा थाट. पुण्यातल्या एका दुकानातून त्याने हे बसवून घेतलं आणि त्याच गाडीतून आम्ही सगळे गावी निघालो. गाव म्हणजे धर्माबाद. नांदेड जिल्ह्याचं टोक, पलीकडे लगेच तेलंगणा आणि बासरची सरस्वती.

नांदेड सोडल्यापासून वहिनी म्हणत होती, ‘कसला तरी वास येतोय.’ धर्माबाद जवळ आलं तसा घसाही खवखवायला लागला. आम्ही दोघं हसलो. धर्माबाद म्हणजे मिरचीचा बाजार! हंगामात नाक झोंबलं की समजायचं, गाव आलं. ‘मिरची आहे गं ती,’ म्हणत दादाने आवाज आणखी वाढवला.

मिरची नव्हती. घरी पोचल्यावर मागच्या सीटवर झोपलेल्या चार वर्षांच्या पुतण्याला उचललं, तर सीट खालून गरम. सीट वर केली. कार्पेटला रुपयाएवढं काळं भोक आणि त्यात वितळलेली इन्शुलेशन टेप. वहिनी काही बोलली नाही. तिने फक्त पोराला घट्ट धरलं.

दादाचा पहिला प्रश्न, ‘पण फ्यूज कसा नाही उडाला?’

उत्तर दिलं गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मामांनी. बोअरच्या मोटारींच्या केबली जोडण्यात त्यांचा जन्म गेलाय. ‘फ्यूज कामून उडंल? करंट तेवढाच जाऊ लालाय. जॉईंट लूज हाय, म्हणून तापू लालाय.’

झालं होतं असं, की बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड वायर हातभर कमी पडली. दुकानातल्या पोराने तुकडा जोडला. दोन्ही टोकं पिळली, वर टेप गुंडाळली, काम खल्लास.

आता थोडं गणित, घाबरू नका! घरातला 600 वॅटचा मिक्सर 230 व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअर ओढतो. तेवढेच 600 वॅट गाडीच्या 12 व्होल्टवर हवे असतील तर 50 अँपिअर लागतात. म्हणून तर ही वायर करंगळीएवढी जाड. 4 गेज म्हणजे साधारण 21 चौरस मिलिमीटर तांबं. (गेजचा आकडा जेवढा लहान, तेवढी वायर जाड.) अशा वायरला पीळ मारला तरी तो मनापासून बसत नाही, आतल्या मोजक्याच तारा एकमेकींना टेकतात. तिथे ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा आला, तरी 50 अँपिअरला त्या एका जागी 25 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा सोल्डरिंग आयर्न किती वॅटचा असतो? 25! पुतण्या त्याच्यावर झोपला होता. शिवाय तापलं की जॉईंट आणखी ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. फ्यूज मात्र शांत, कारण तो जास्तीचा करंट ओळखतो, उष्णता नाही.

मामांनी आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. मग काळवंडलेलं तांबं चकचकीत लागेपर्यंत छाटलं. नवा जॉईंट करण्याआधी वायरीत स्लीव्ह ओवली. (‘मागून आठवली तर सगळं पुन्यांदा कापा!’) मापाची तांब्याची नळी घेतली, दोन्ही टोकं दोन बाजूंनी आत घातली आणि हातभर लांब दांड्याच्या क्रिम्पिंग टूलने दाबली. दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिलं. शेवटी स्लीव्हला आच दिली, ती आवळून बसली.

‘सोल्डर नाही मारायचं?’ दादा. मामा म्हणाले, एवढ्या जाड तांब्याला छोटा आयर्न पुरत नाही, उष्णता वायरभर पळून जाते आणि डाग कच्चा राहतो. वर सोल्डर जिथे संपतं तिथे गाडीच्या हादऱ्याने तार तुटते.

अर्धा तास गाणी फुल लावून मामांनी जॉईंटवर हात ठेवला. बाकीच्या वायरीएवढाच. पास!

तुमच्याही डिकीत असं काही असेल, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. वायर अखंड आहे का? जोड असेल तर दाबून केलाय की पिळून? आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे का? तो तिथेच हवा, म्हणजे पुढे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर लगेच उडेल.

मामांनी घेतले दीडशे रुपये. परतताना दादाने आवाज कमी ठेवला होता. वहिनी मात्र दर तासाला सीटखाली हात घालून बघत होती. आणि या वेळी तिला कुणी हसलं नाही.