विझणारी ज्योत आणि दुरुस्तीचा बाजार

थंडी सुरू झाली की मध्यमवर्गीय घरांतून गॅस गिझरच्या तक्रारी ऐकू येऊ लागतात. तो पेटतच नाही, किंवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. वरवर सारख्या वाटणाऱ्या या तक्रारींची कारणे मात्र निरनिराळी आहेत, आणि हा भेद गिऱ्हाइकास ठाऊक नसणे हाच दुरुस्तीच्या धंद्याचा पाया होऊन बसला आहे.

वस्तुतः यंत्राची रचना दुर्बोध नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतील पडदा सरकून एक स्विच दाबला जातो, सेलवर ठिणगी पडू लागते व गॅसची झडप उघडते. ठिणगीच पडत नसेल तर दोष बहुधा उतरलेल्या सेलांत किंवा पाण्याच्या अपुऱ्या दाबात असतो. ठिणगी पडूनही ज्योत येत नसेल तर आधी सिलिंडर व रेग्युलेटर पाहावेत. ज्योत येऊन विझत असेल तर मात्र लक्ष बर्नरजवळच्या धातूच्या कांडीकडे जावे. ज्योतीतून अत्यल्प वीजप्रवाह वाहू शकतो. तो या कांडीला मिळाला नाही तर ज्योत नाही असे समजून यंत्र गॅस तोडते. कांडीवर काजळी धरली किंवा तिची तार सैल झाली, की समोर ज्योत असूनही यंत्र आंधळे होते.

ही काजळी पुसणे मेकॅनिकचे पाच मिनिटांचे काम. परंतु ती धरली का, हे कोणी विचारीत नाही. पुष्कळदा ज्वलनास पुरेशी हवा मिळत नाही हेच तिचे कारण असते, आणि त्याच कारणाने कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंधहीन विषारी वायू तयार होतो. ज्योत ओळखणाऱ्या कांडीस हा वायू कळत नाही. बंद न्हाणीघरात पुसलेल्या कांडीचा गिझर निर्वेधपणे जळत राहतो, आणि आत स्नान करणारा मनुष्य बेशुद्ध होऊन प्राणास मुकतो.

डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशाच सेवांचा विचार केला होता. दुरुस्ती खरोखर आवश्यक होती की नाही हे पैसे मोजल्यावरही गिऱ्हाइकास कळत नाही, आणि निदान करणारा व दुरुस्ती करणारा एकच असतो. त्यामुळे सेल बदलून भागले असते तेथे सर्किट बदलले जाते. याहून गंभीर गोष्ट अशी की, "गिझर न्हाणीघराबाहेर हलवा" या सल्ल्याचे मोल कोणी देत नाही. मोल मिळते ते ज्योत पुन्हा पेटवून दिल्याचे. बिचाऱ्या मेकॅनिकला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमध्ये घरगुती गॅस उपकरणांवर पैसे घेऊन काम करणाऱ्यास नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे ती व्यवस्था उभी राहण्यास वेळ लागेल. तोवर उत्पादकांनी वरील दोषांचा तक्ता मराठीत गिझरच्या कवचावरच छापावा, आणि गिझर कोठे बसविला आहे व तेथे हवा येण्याजाण्यास कोणती वाट आहे, हे मेकॅनिकने प्रत्येक पावतीवर लिहून सही करावी, एवढी सक्ती शासनास करता येण्यासारखी आहे.