हिरव्या बेदाण्याचा भाव

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास आठ वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील दवाखान्यात घेऊन आले. मूल जुनाच दम्याचे रुग्ण. छाती वाजत होती, बोलताना वाक्य पुरे होत नव्हते. नेब्युलायझर लावला, अर्ध्या तासाने पोर सावरले. धूळ, धूर, सर्दी, नेहमीचे सगळे प्रश्न विचारले, काही सापडेना. जाताना आई सहज म्हणाली, "तासगावहून मामानं बेदाण्याचा बॉक्स आणलाय, त्यातला मूठमूठ खात होता संध्याकाळपासून."

एका प्रसंगावरून निदान होत नाही. पण पुढच्या महिन्यात हेच पुन्हा दोनदा घडले आणि दोन्ही वेळा आधी बेदाणा खाल्लेला होता. बेदाणा बंद केल्यावर त्याचे रात्रीचे येणे थांबले.

माझा दवाखाना कराडात, पण थोरली बहीण तासगाव तालुक्यात दिलेली. त्यामुळे बेदाणा मला बशीतून नव्हे, शेडमधून माहीत आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांना परराज्यांतले व्यापारी येतात, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी आपल्या बागेतून 'तास-ए-गणेश' ही जात निवडली, तोही याच तालुक्यातला पराक्रम. पण या मालाचा भाव कशावर ठरतो, हे खाणाऱ्याला क्वचितच माहीत असते.

भाव ठरतो रंगावर. लांबी, गोलाई, देठ राहिले आहेत की नाहीत हेही बघतात, पण पहिली नजर रंगावर. हिरवागार असेल तर वरचा भाव, पिवळा त्याखाली आणि काळपट पडला तर निम्मा, कधी त्याहूनही कमी. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याने सालीवरचे मेण सुटते. मग शेडनेटखाली रॅकवर दहा-पंधरा दिवस वाळवतात. या दिवसांत अवकाळीचा एक शिडकावा आला की माल काळा पडतो आणि शेतकऱ्याचे वर्ष जाते. काळा पडलेला तो बेदाणा साखरेला, चवीला फार काही कमी झालेला नसतो. सालीतल्या एका विकराची हवेशी गाठ पडली की रंग बदलतो, एवढेच. (चहाच्या पानातही हेच घडते. तो विकर वाफेने किंवा कढईत तापवून मारला की हिरवा चहा, मोकळा सोडला की आपला काळा चहा. चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीच्या छिंगमिंग सणाआधी खुडलेल्या कोवळ्या हिरव्या चहाला सोन्याचा भाव येतो म्हणतात. वजन उतरवायला ग्रीन टी कुठला घेऊ, असे विचारणाऱ्यांना मी विचारतो, आधी चालता किती?)

तर हा रंग टिकवण्यासाठी बंद खोलीत गंधक जाळून त्याची धुरी बेदाण्याला देतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो आणि तो मालात मुरतो. याने रंग राहतो, बुरशी आणि कीडही दूर राहते. तेव्हा गंधक म्हणजे विष, अशी बोंब मी मारणार नाही. धडधाकट माणसाच्या यकृतात सल्फाइटचे निरुपद्रवी सल्फेट करणारा विकर असतो, मर्यादेतला गंधक तो निभावून नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने रोज आयुष्यभर घेतला तरी चालेल असा आकडा दिला आहे: वजनाच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला हे १४ मिलिग्रॅम होतात. बेदाण्यात किलोमागे अर्धा ग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल, तर २८ ग्रॅममध्येच तेवढे भरते. म्हणजे एक मूठ. एखाद्या दिवशी मूठ जास्त झाली म्हणून बिघडत नाही. दम्याच्या काही रोग्यांचे मात्र तेवढ्यानेही बिघडते. सगळ्यांचे नाही, शंभरातल्या थोड्यांचे. ते थोडे कोण, हे आधी कळत नाही.

अमेरिकेत याच कारणाने १९८६ साली कच्च्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी झाली. आपल्याकडेही २०२० च्या लेबल नियमांत किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर छापायला सांगितले आहे. नियम चांगला आहे. पण आपल्या गावात बेदाणा पाकिटात घेतो कोण? किराणा दुकानात पोत्यातून, बरणीतून सुटा तोलून घेतो. त्याला कसले लेबल!

शेडमधल्या बायांचे तर कोणी विचारतच नाही. धुरीची खोली उघडली की वायू डोळ्यांच्या, नाकाच्या ओलाव्यात विरघळतो आणि त्याचे आम्ल होते. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते. त्या तोंडाला पदर लावतात, हल्ली कापडी मास्क लावतात. कापडाने धूळ अडते, वायू अडत नाही. दार उघडून तास-दीड तास खोली मोकळी वाहू द्यावी आणि मगच माणूस आत जावा, याला पैसा लागत नाही. दम्याची बाई असेल तर तिला निवडीच्या कामाला बसवावे, धुरीच्या खोलीकडे धाडू नये.

आता आम्हा डॉक्टरांचीही एक चूक कबूल करतो. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला "बेदाणे खात जा" असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. शंभर ग्रॅम बेदाण्यात लोह जेमतेम दोन मिलिग्रॅम. दहा दाण्यांत किती, हिशेब करा. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उलट बेदाण्यात निम्म्याहून जास्त भाग साखर. मधुमेह्याने "सुकामेवा आहे" म्हणून बशी पुढे ओढू नये.

घेताना बेदाणा नाकाजवळ धरून पाहावा. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला, नाकात झिणझिणले, तर घेऊ नये. कोमट पाण्यात भिजवून पाणी टाकले तर गंधक थोडा कमी होतो, सगळा जात नाही. दमा असलेल्यांनी काळपट, बिनधुरीचा बेदाणा मागावा, आणि नेहमीचा पंप जवळ ठेवावा.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. मी दाजींना म्हटले, "दाजी, गंधक जरा कमी करा की." ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या घरी येतो त्यो डबा बघा आधी. हिरवाच हाय न्हवं?" मला उत्तर सुचले नाही. दिवाळीला मीच दुकानात उभा राहून हिरवा दाणा निवडून घेतो. माझ्यासारख्यांनी रंगाला पैसे मोजायचे आणि त्यांनी गंधक जाळायचा नाही, हे कसे जमावे? काळ्याला भाव मिळाल्याशिवाय शेडमधली धुरी कमी होणार नाही, आणि तो भाव दवाखान्यातून नव्हे, दुकानातून मिळायचा आहे.

यंदा दाजींनी दोन रॅक बिनधुरीचे ठेवले. सौद्यात त्याला हिरव्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भाव बोलला गेला. पंधरा किलोचा एक बॉक्स मी हिरव्याच्या भावाने घेतला. दाजी घेत नव्हते, बहिणीच्या हातात पैसे ठेवले. त्यातला थोडा त्या मुलाच्या आईला दिला आहे, पहिल्यांदा दोनच दाणे द्या आणि माझ्यासमोर द्या असे सांगून. उरलेला घरी शिऱ्यात घातला, तर पाहुण्यांनी विचारले, "वहिनी, बेदाणा जुना आहे का हो?"