टिक विकार आणि रिकामी खोली (थ्रेड)

१/ लातूरच्या शिकवणी वर्गात एखादा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो, खाकरतो. घरचे म्हणतात सवय लागली. सर म्हणतात मुद्दाम करतो. दवाखान्यात मात्र तो डॉक्टरांपुढे अगदी स्थिर बसतो आणि वडीलच खोटे पडतात. वैद्यक या हालचालींना 'टिक' म्हणते. त्यांच्या मोजमापाचा इतिहास या स्थिर बसण्याभोवतीच फिरतो.

२/ १८८५ मध्ये जिल द ला टूरेट यांनी पॅरिसमध्ये नऊ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील सर्वांत गाजलेल्या उमराव स्त्रीला त्यांनी स्वतः तपासलेलेच नव्हते. आधार होता इटार यांच्या १८२५ सालच्या नोंदीचा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार परिचित आहे.

३/ टूरेट ज्या सालपेत्रिएर रुग्णालयात होते, तिथेच आल्बेर लोंद अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने रुग्णांच्या हालचाली टिपत होते. १८९८ मध्ये बुखारेस्टला मारिनेस्कू यांनी रुग्णांची चाल चित्रफितीवर घेतली. (पुढच्याच वर्षी सावे दादांनी मुंबईत कुस्ती चित्रित केली. आपला कॅमेरा आधी आखाड्यात गेला!)

४/ परंतु टिक काही काळ दाबून धरता येते, आणि समोर परका माणूस असला की पुष्कळदा दाबली जाते. म्हणून १९९९ मध्ये सुधारलेल्या 'रश' पद्धतीत दहा मिनिटांचे चित्रण होते: एकदा पूर्ण शरीर, एकदा डोके व खांदे, तपासनीस खोलीत असताना आणि नसताना. गुण दिले जातात ते केवळ रुग्ण एकटा असतानाच्या, अडीच-अडीच मिनिटांच्या दोन तुकड्यांना. शरीराचे किती भाग हलले, मिनिटाला किती वेळा, किती जोराने, हे त्यात मोजतात.

५/ मला ही शुद्ध साधनचिकित्सा वाटते. नोंद होताना तिथे कोण हजर होते, हा प्रश्न आपण बखरींना विचारतो. इथे तो चित्रफितीला विचारला आहे. अर्थात पाच मिनिटांवरून महिना कळत नाही, कारण टिक दिवसागणिक कमीजास्त होते. म्हणूनच १९८९ ची 'येल' मापनपद्धती मुलाला आणि पालकांना मागच्या आठवड्याविषयी विचारते.

६/ माझे मत स्पष्ट आहे. नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशा मुलाला तपासताना 'घरचे चित्रण आहे का?' हे आधी विचारले जावे. मोबाइल आज घरोघरी आहे. मात्र ती क्लिप नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तर ते शार्को यांचे मंगळवारचे वर्ग होतात, जिथे रुग्णांना श्रोत्यांपुढे उभे केले जाई.

७/ 'मुलाला सांगून चित्रण केले तर तो टिक दाबणारच', असा आक्षेप येईल. तरीही लपून चित्रण नको. त्याला विचारावे, मोबाइल फळीवर टेकवून सुरू करावा, तारीख-वेळ लिहावी, आणि आपण खोलीबाहेर जावे.