वाढपी हवेत

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीची जी सभा झाली, तीत येत्या गणेशोत्सवातील भोजनाचा विषय निघताच सभासदांत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, दीडशे पानांचा खटाटोप अंगावर कोणी घ्यावा; उपाहारगृहातून बंद डबे मागवावेत, दारातच एकेकाच्या हाती द्यावेत आणि मोकळे व्हावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, वहिवाटीप्रमाणे पॉटलक करावे, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणावा, म्हणजे खर्चही वाचेल आणि घरच्या अन्नाची चवही राहील. दोहोंची कारणे अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. परंतु दीडशे माणसांपर्यंत अन्न कसे पोहोचवावे एवढाच काय तो प्रश्न आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते, आणि माझी तक्रार त्या गृहीताविषयी आहे. सभेत वेळ अपुरा पडल्यामुळे जे बोलता आले नाही ते संपादकांच्या अनुमतीने येथे मांडतो. यंदा आपण पंगत घालावी, अशी माझी सूचना आहे.

मेजवानी हा शब्द आपण फारसीतून घेतला. तिकडे मेजबान म्हणजे यजमान आणि मेजबानी म्हणजे त्याचे यजमानपण. मराठीत रुळता रुळता त्या शब्दातून माणूस निसटला आणि ताटातले पदार्थ तेवढे उरले. खुद्द ‘यजमान’ या शब्दाची कथाही विचार करण्यासारखी आहे. यजमान म्हणजे यज्ञ करणारा. पण यज्ञातली कर्मे होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा यांनी वाटून घेतलेली असत, आणि यजमान संकल्प सोडून बसलेला असे. सगळे एकट्याने करणे हे यजमानपणाचे लक्षण आपल्याकडे कधीच नव्हते. कोणाकडे कोणते काम द्यायचे याचा विवेक हेच त्याचे खरे लक्षण होते. १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले, तेव्हा नाना फडणिसांच्या कारभारात त्या समारंभाच्या बंदोबस्ताची तपशीलवार याद तयार झाली होती. ज्या मुत्सद्द्याच्या डोक्यावर साऱ्या राज्याच्या मसलतींचे ओझे होते, त्याला पाहुण्यांची बरदास्त हा दफ्तरात नोंदवून ठेवण्याइतका गंभीर विषय वाटला, ही गोष्ट आपल्या कार्यकारिणीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता पॉटलकचा विचार करू. त्याचा कागद आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात ‘काय आणणार’. मागल्या खेपेस त्या कागदातून बटाट्याच्या भाजीचे सहा ट्रे, छोल्यांचे चार आणि साध्या वरणाचा एकही नाही, असा चमत्कार निष्पन्न झाला. ती चूक सोसता येते. पण प्रत्येक झाकणावर नाव चिकटविलेले असते आणि कोणाचा ट्रे रिकामा झाला, कोणाचा अर्धा घरी परत गेला, हे झाकणे उचलणारा प्रत्येक हात टिपून घेत असतो, ती गोष्ट मला अधिक लागते. ज्याच्या खोलीत एकच शेगडी आहे असा विद्यार्थी चिप्सची पिशवी घेऊन येतो, ती टेबलाच्या कडेला ठेवतो आणि तिच्यापासून चार पावले दूर जाऊन उभा राहतो.

घरोघरचे अन्न एकत्र करण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात हरिनाम सप्ताहाच्या वेळी गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात आणि मोठ्या कढईत आमटी शिजते. पण ती भाकरी ढिगात पडली की कोणत्या घरची हे थापणारीलाही ओळखू येत नाही. पाटलाची आणि मजुराची भाकरी एकाच ढिगात जाते, आणि या अनामिकपणामुळेच तिला प्रसादाची योग्यता येते. आपण पॉटलकमध्ये एकत्र आणण्याची रीत उचलली आणि नाव पुसण्याची रीत मागे ठेवली.

डब्यांविषयी थोडक्यात सांगतो. डबा ही प्रवासाची आणि कचेरीची वस्तू आहे. तो हाती पडताच प्रत्येक कुटुंब आपापला कोपरा धरते, आणि ज्याला कुटुंब नाही तो आपल्या मोटारीत जाऊन जेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

पंगतीचा आग्रह मी का धरतो, हे सांगण्यासाठी पुष्कळ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवावी लागेल. ओहायोत येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बाहेर गुडघाभर बर्फ होते, आणि कोणाच्या तरी ओळखीने मी मंडळाच्या संक्रांतीला गेलो होतो. भाड्याने घेतलेल्या दिवाणखान्यात लांब टेबलांवर पाने मांडलेली, आणि मी भिंतीला टेकून, हातांचे काय करावे हे न सुचून उभा. तेवढ्यात एका वयस्क काकूंनी माझ्या हाती मिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडींचे ताट ठेवले आणि म्हणाल्या, “अरे, नुसता उभा काय राहिलास? त्या टोकापासून वाढत ये. मीठ वर मधोमध, चिमूटभर. लिंबू त्याच्या डावीकडे. आणि घाई करू नकोस.”

मिठाचा वाढपी सगळ्यांच्या आधी निघतो आणि प्रत्येक पानापुढे वाकतो. पान अजून रिकामे असते, म्हणून जेवणाऱ्यालाही मान वर करून पाहायला सवड असते. कुठले तुम्ही, नवीन दिसता, राहता कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरे मी त्या रांगेत चाळीस वेळा दिली. माझ्यामागून चटणी-कोशिंबीर आली, मग उजव्या बाजूची भाजी, भाताच्या मुदी, वरणाचे ओगराळे आणि शेवटी तुपाची धार. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत माझ्यासाठी एक जुना कोट, एक पलंग आणि रविवारच्या जेवणाची दोन आमंत्रणे जमा झाली होती. मी पाहुणा म्हणून आलो होतो. दुसऱ्या पंगतीत जेवायला बसलो तेव्हा मी मंडळाचा झालो होतो. तेथे पॉटलक असते तर माझ्या हाती चिप्सची पिशवी असती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेत पाहुण्याला कामाला लावणे अशिष्ट आहे. जो चार दिवसांसाठी येतो त्याला हा नियम खुशाल लावावा. पण जो परक्या गावी कायमचे बिऱ्हाड करण्यासाठी आला आहे, त्याला वर्षानुवर्षे देव करून पाटावर बसविणे म्हणजे त्याला घराबाहेरचा ठरविणे होय. घरच्या माणसाला आपण काम सांगतो, आणि काम सांगितले की माणूस घरचा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. पंगत ही आपल्या समाजात माणसे जोडण्याइतकीच ती तोडण्याचीही जागा होती. कोणी कोणाच्या शेजारी बसावे यावर जातींचे पहारे होते, आणि बायकांची पाने सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर मांडली जात. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्याच्या प्रसंगावरून एवढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे भांडण, माजले की, रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली. हे सर्व खरे आहे. पण पंगतीला बसू न दिले जाण्याचे दुःख इतके खोल होते, म्हणूनच सुधारकांनीही पंगतीचेच शस्त्र हाती घेतले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण घालून सर्व जातींच्या माणसांना एका ओळीत जेवायला बसविले. एकाच ओळीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढण्याला आपल्या भाषेने पंक्तिप्रपंच असे नाव देऊन ते पाप ठरविलेले आहे. ते पाप टाळून पंगत घालण्याची जी मोकळीक आपल्या पूर्वजांना नव्हती ती आपल्याला येथे आहे. तेव्हा आपल्या पंगतीत पुरुष वाढतील, स्त्रिया पहिल्या पंगतीला बसतील, आणि अध्यक्षांचे पान जेथे जागा असेल तेथे मांडले जाईल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागेल. उत्सव ज्या शाळेत होतो तिच्या भोजनगृहात आपल्याला शिजविण्याची परवानगी नाही, गरम ठेवण्याची आहे. म्हणून वरण, भात, एक भाजी, पुऱ्या आणि श्रीखंड हे पाचच पदार्थ बाहेरून करवून घ्यावेत. यात कमीपणा काही नाही. आचारी पूर्वीही मोलानेच येत असत. शिजविणे मोलाने करून घेता येते, वाढणे मात्र मोलाने करून घेऊ नये. दीडशे माणसांना, मुलेबाळे धरून, बारा किलो तांदूळ आणि पंधरा किलो श्रीखंड पुरे होईल. पाऊणशे पानांची एक, अशा दोन पंगती, आणि प्रत्येकीला दहा वाढपी: मीठ-लिंबाला एक, चटणी-कोशिंबिरीला एक, भाजीला एक, भाताला दोन, वरणाला एक, तुपाला एक, पुऱ्यांना एक, श्रीखंडाला एक आणि पाण्याला एक. तूप आणि पाणी पोरांकडे द्यावे. ती कामे त्यांच्याइतक्या उत्साहाने दुसरे कोणी करीत नाही. पहिल्या पंगतीचे वाढपी दुसऱ्या पंगतीत बसतील आणि पहिल्या पंगतीत जेवून उठलेल्यांतून दुसरे दहा उभे राहतील. पंगतीला चाळीस मिनिटे धरली तरी दीड तासात सर्व आटोपते. मागल्या वर्षी पॉटलकच्या टेबलापुढे शेवटच्या माणसाला पाऊण तास तिष्ठावे लागले होते, आणि त्याच्या वाट्याला छोले तेवढे आले, हेही विसरू नये.

कार्यकारिणीने हा ठराव मान्य केला तर नवा कागद छापण्याचाही खर्च नको. जुनाच कागद घ्यावा, ‘काय आणणार’ या रकान्यावर काट मारून तेथे ‘काय वाढणार’ असे लिहावे, आणि मिठापुढची जागा यंदा जो नवा आला असेल त्याच्यासाठी मोकळी ठेवावी.