पाय ब्रेकवरून काढा!

दोस्तांनो, आज घरच्या मोठ्या माणसांना एक कोडं घाला. म्हणावं, "समजा, तुम्ही जीपसारखी दणकट गाडी चालवताय. समोर तीव्र उतार आहे. रात्रभर पाऊस पडून गेलाय आणि वाट म्हणजे नुसता तांबडा चिखल! गाडी हळूहळू खाली न्यायची आहे. तर मग पाय कुठे ठेवाल?"

बहुतेक जण म्हणतील, "हे काय विचारणं झालं? ब्रेकवर!"

विचार करायच्या आत पाय ब्रेकवर जातो, इतकी ही सवय अंगात मुरलेली असते. पण अशा निसरड्या उतारावर ब्रेक करकचून दाबला, तर नेमका तिथंच घात होतो. तो कसा, आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू या.

तुमच्यातल्या सायकलवाल्यांना थोडा अंदाज असेलच. पावसाळ्यात चिखलाच्या उतारावर ब्रेक जोरात दाबला, की चाक थांबतं, पण सायकल थांबत नाही! ती सर्रकन घसरत जाते. असं का होतं? चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर तिथं स्थिर असतो. आपण पाऊल टेकवतो आणि उचलतो ना, अगदी तसा. चाक जाम झालं, की तोच भाग जमिनीवरून फरफटत जातो. आणि फरफटणाऱ्या टायरची पकड सहसा कमी असते. टेकलेल्या वस्तूचं ते स्थितिक घर्षण आणि घसरणाऱ्या वस्तूचं ते गतिक घर्षण, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. शिवाय जाम झालेलं चाक गाडीला वळवूही शकत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली जायची तिकडेच जाणार.

उतार जितका तीव्र, तितकी ओढ जास्त. ३० अंशांच्या उतारावर गाडीच्या वजनाच्या निम्मी ओढ तिला खाली खेचत असते. म्हणजे १,५०० किलोची गाडी असेल, तर ७५० किलोचं ओझं दोरीनं तिला खाली ओढतंय असं समजा. त्यात आणखी एक भानगड. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. हलकी चाकं लवकर जाम होतात. मग काय होतं, ते घरी करून पाहा.

खेळण्यातली एक मोटार घ्या. तिची चाकं कडक प्लॅस्टिकची हवीत. एका गुळगुळीत लांब फळीचं एक टोक पुस्तकांवर ठेवून चांगला उतार करा. आधी मोटारीची मागची दोन्ही चाकं चिकटपट्टीनं जाम करा आणि तिचं तोंड खाली करून सोडा. मोटार गर्रकन फिरेल आणि पाठ पुढे करून खाली येईल! आता मागची चाकं मोकळी करून पुढची जाम करा. या वेळी ती सरळ घसरत येईल. खऱ्या डोंगरावर गाडी अशी फिरून आडवी झाली, तर पुढची पायरी म्हणजे कोलांटी. आता कळलं ना, सगळी चाकं फिरती राहणं किती महत्त्वाचं आहे ते?

जुने वाकबगार चालक यावर एक युक्ती करत. ब्रेकवर भिस्त न ठेवता ते गाडी अगदी खालच्या गिअरमध्ये घालत आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू देत. इंग्लंडमध्ये १९४८ साली आलेल्या लँड रोव्हर गाडीत यासाठी खास मंद गतीचे जादा गिअर होते. पुढे १९९७ साली त्याच कंपनीनं फ्रीलँडर नावाची लहान गाडी काढली. तिच्यात हे जादा गिअर नव्हते. मग ती उतार कशी उतरणार? तेव्हा एक नवी सोय तिच्यात प्रथमच आली. तिचं नाव 'हिल डिसेंट कंट्रोल'. आपण तिला 'उतार-नियंत्रक' म्हणू.

गंमत अशी, की त्यासाठी लागणारी बरीचशी यंत्रणा आधीच तयार होती. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी 'एबीएस' ही यंत्रणा १९७८ पासून मोटारींत बसवली जात होती. तिच्यात प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी कडं असतं. किती दाते सरकले हे एक संवेदक मोजतो आणि चाकाचा वेग छोट्या संगणकाला कळवतो. एखादं चाक जाम होतंय असं दिसलं, की संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो आणि पुन्हा लावतो. हे सगळं एका सेकंदात अनेक वेळा चालतं. उतार-नियंत्रकात एवढीच भर पडली, की ब्रेक दाबायचं कामही संगणकाकडे आलं. चालकानं बटण दाबायचं आणि दोन्ही पाय काढून घ्यायचे. गाडी वेग घेऊ लागली, की पंप आपोआप ब्रेक लावतो, आणि तोही प्रत्येक चाकाला वेगवेगळा. एक चाक चिखलात घसरलं, तर त्याला सोडून बाकीच्या चाकांकडून काम करून घेतो. माणसाला ब्रेकचं एकच पेडल असतं, त्यामुळे असे चार वेगवेगळे ब्रेक त्याला लावताच येणार नाहीत. फ्रीलँडर अशी ताशी साधारण ९ किलोमीटरच्या वेगानं उतरत असे. म्हणजे तुम्ही रमतगमत धावता तितपतच. त्या वेळी खालून गुरगुर, टकटक असे आवाज येतात. ते पंपाचे आणि झडपांचे असतात, घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे २०२० च्या महिंद्र थारच्या काही प्रकारांत आणि २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या मारुती सुझुकी जिम्नीत ही सोय आहे. म्हणून आता आईबाबांसाठी चार गोष्टी. त्यांना जरूर वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, उताराच्या माथ्यावर थांबा, खाली उतरा आणि वाट पायी चालून पाहा. जिथं पाय टिकत नाही, तिथं टायर टिकेल असं गृहीत धरू नका. दुसरी, बटण दाबण्याआधी खालचा गिअर घाला, क्लच दाबून ठेवू नका आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. तिसरी, गाडीचं तोंड थेट उताराकडे ठेवा. तिरकं जाणं सोपं वाटतं, पण गाडी उलटते ती तिरक्या वाटेवरच. चौथी, उतार लांबलचक असेल तर ब्रेक तापतात. फार तापले, तर यंत्रणा काही वेळ काम थांबवू शकते. तेव्हा मध्ये सपाट जागा मिळाली, की थांबून त्यांना थंड होऊ द्या.

आणि डांबरी घाटरस्ता असेल तर? तिथं हे बटण नको, तिथं जुनाच नियम खरा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे काही जण असतात. त्यांच्या गाडीला इंजिनाचा आधार उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद केलं, तर थोड्याच वेळात ब्रेकचं पेडलही कडक होतं. चार पैशांच्या पेट्रोलसाठी गाडीतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला!

आता सर्वांत महत्त्वाचं. त्याच फळीवर एक खोडरबर ठेवा आणि फळी हळूहळू उचला. एका ठरावीक उतारानंतर खोडरबर घसरतंच. आता फळीवर साबणाचं पाणी लावून पुन्हा करा. या वेळी ते खूप आधी घसरेल. खोडरबराला चाकं नाहीत, म्हणजे त्याचे ब्रेक पूर्ण लागलेलेच आहेत म्हणा ना! तरी ते घसरलं. गाडीचंही तसंच असतं. बटण नवी पकड तयार करत नाही. जमिनीनं जी पकड दिली आहे, ती ते काटकसरीनं वापरतं. शेवाळलेल्या खडकानं काहीच दिलं नाही, तर जगातला कुठलाही संगणक गाडीला धरून ठेवू शकत नाही. अशा उतारावर "इथून जायचं नाही, मागे फिरू या" हे संगणक सांगणार नाही, ते माणसालाच म्हणावं लागतं. आणि गाडीत तुम्ही बसलेले असाल, तर तुम्हीही ते म्हणू शकता बरं का!

तुमचं खोडरबर कोरड्या फळीवर किती पुस्तकांच्या उंचीवर घसरलं आणि ओल्या फळीवर किती, ते वहीत मांडून ठेवा. मित्रांचे आकडेही विचारा. वेगवेगळे आले, तर का आले असतील याचा विचार करा. पुढच्या आठवड्यात भेटू, एका नव्या यंत्राची गंमत घेऊन!