कुंपणावरही पहारा हवा

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? ७ जानेवारी २००९ रोजी हा प्रश्न देशातील लक्षावधी भागधारकांपुढे उभा राहिला. ताळेबंदात दाखविलेले हजारो कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याची कबुली त्या दिवशी 'सत्यम'चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी दिली. त्या ताळेबंदांवर नामांकित लेखापरीक्षण संस्थेची मोहोर होती. २०१५ साली न्यायालयाने राजूंसोबत दोन लेखापरीक्षकांनाही दोषी ठरविले.

लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारकांच्या नावाने होते. मानधन मात्र ज्याचे हिशेब तपासायचे त्याच कंपनीकडून मिळते. दोषाचे मूळ येथे आहे. व्यवसायबंधूंनीच व्यवसायबंधूंचा न्याय करण्याची १९४९ पासूनची व्यवस्था अशा वेळी अपुरी पडते. म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३२ व्या कलमाने स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली. व्यवसायातून विरोध झाला आणि कलम पाच वर्षे कागदावरच राहिले. पंजाब नॅशनल बँकेतील घोटाळ्याने देश हादरल्यावर मोदी सरकारने निर्णय घेतला आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. ही तत्परता आधीच दिसती, तर अधिक बरे झाले असते.

प्राधिकरणाचा रोख गावोगावी प्रामाणिकपणे काम करणाऱ्या लेखापालांवर नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या व मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर त्याचे लक्ष आहे. दोषींना दंड करण्याचा आणि दहा वर्षांपर्यंत व्यवसायबंदी करण्याचा अधिकार त्याला आहे. परंतु अधिकार जेवढा मोठा, तेवढी कार्यपद्धती निर्दोष हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १३२ वे कलम वैध ठरविले. पण तपासणी करणारा आणि शिक्षा देणारा वेगळा नसल्याने बजावलेल्या नोटिसा रद्द केल्या. हा इशारा गांभीर्याने घ्यायला हवा. घाईत केलेली कारवाई न्यायालयात टिकली नाही, तर लाभ अपराध्याचाच होतो.

महाराष्ट्राने आणखी एक विचार करावा. सहकारी पतसंस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या नसल्याने या पहाऱ्याबाहेरच राहतात. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी मात्र अनेकदा तेथेच असते. त्यांच्या लेखापरीक्षणावर असा स्वतंत्र अंकुश कोण ठेवणार?

कौटिल्याने अर्थशास्त्रात हिशेबांसाठी 'अक्षपटल' हे स्वतंत्र कार्यालय सांगितले, कारण राज्याचे बळ कोशात असते हे तो जाणून होता. राष्ट्राचा कोश केवळ सरकारी तिजोरीत नसतो. तो घराघरांतील बचतीतही असतो. त्याचे रक्षण करणारी स्वाक्षरी विकाऊ असता कामा नये.