पांडुरंग सांगवीकर आणि आपण

आमच्या ग्रंथालयात ‘कोसला’ची जी प्रत आहे तिची बांधणी निदान दोनदा तरी झाली असावी. पुस्तकात पेन्सिलीने लिहू नये हा नियम या प्रतीइतका दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात मोडलेला मी पाहिला नाही. एका समासात कुणी लिहिले आहे, ‘हा तर मीच!’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मग अभ्यासाला लागा.’ आणखी पुढे कुणा त्रासलेल्या जिवाने विचारले आहे, ‘गोष्ट सुरू कधी होणार?’

भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि कथा सांगणारा पांडुरंगही पंचवीस वर्षांचाच आहे. फडके-खांडेकरांच्या नायकांवर वाढलेल्या वाचकाला हा नायक पचणे कठीणच होते. खेड्यातल्या खात्यापित्या घरातला मुलगा पुण्याला शिकायला येतो, नाही ती कामे अंगावर घेतो, पैशाच्या अडचणीत सापडतो, परीक्षेत घसरतो आणि शेवटी गावी परततो. यात ना धड प्रेम, ना ध्येय! त्यात भाषा बोलण्यातली, वाक्यावाक्याला ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’. नेमाड्यांना पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तरी ‘कोसला’वरचा वाद मिटलेला नाही. आमच्या वर्गात तो या वर्षीही झाला.

त्या चर्चेत तीन पक्ष पडले. पहिल्याच्या मते मराठीत आपल्या वयाचे खरे बोलणारे हे एकच पुस्तक. दुसरा पक्ष बहुतेक कमवा व शिका योजनेतल्या मित्रांचा. त्यांचे म्हणणे असे की बापाची शेती असली म्हणजे निरर्थकता परवडते, सकाळी बागेत पाणी घालून तासाला बसणाऱ्याला ती परवडत नाही. तिसरा पक्ष मुलींचा. एकीने विचारले, ‘या सगळ्यात पांडुरंगाच्या आईला काय वाटले असेल, हे तुमच्यापैकी कुणाच्या मनात तरी आले का?’ आम्ही गप्प बसलो. आमच्या सरांनी सॅलिंजरच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’ची आठवण दिली. त्यातल्या होल्डनचाही धाकटा भाऊ वारलेला आहे आणि त्या पुस्तकावरही अमेरिकेत असेच तट पडले, काही शाळांनी तर ते वर्ज्य केले.

मी सुरुवातीला पहिल्या पक्षात होतो. तिथून का उठलो ते सांगतो.

माझ्या खोलीतला मित्र दुसऱ्या वर्षाला असताना तासांना जायचा बंद झाला. कुणी काही विचारले तर पांडुरंगाच्या थाटात उत्तर द्यायचा आणि आम्ही हसायचो. आम्हाला त्यात ऐट वाटायची. परीक्षेचा अर्ज त्याने भरलाच नाही. वडील मेसची बाकी भागवून त्याचे सामान न्यायला आले. उशीखालचे पुस्तक त्यांनी हातात घेतले, चाळले आणि मला विचारले, ‘काय रे बाबा, ह्यात असं काय आहे?’ मला उत्तर देता आले नाही.

दोष पुस्तकाचा होता असे मी म्हणत नाही. मित्राच्या मनात काय चालले होते ते आम्ही कधी विचारलेच नाही. त्याची नक्कल मात्र आम्हाला आवडली. पुढे सुट्टीत मी ‘कोसला’ पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की आमची ऐट पुस्तकात कुठेच नाही. पंचवीस वर्षांचा पांडुरंग कॉलेजातल्या पांडुरंगाला हसतो आहे. आम्ही त्या हसणाऱ्याला सोडले आणि ज्याला तो हसतो त्याची नक्कल केली.

आणि एका जागी ते हसूही थांबते. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. आपल्या पिढीने देवीचा रोगी पाहिलेला नाही, भारतातून तो रोग १९७५ मध्येच गेला. पण घरातले लहान माणूस गेल्यावर मोठ्या भावाला काय होते हे कळायला देवी पाहावी लागत नाही. ती पाने वाचल्यावर आधीचे ‘वगैरे’ मला वेगळे ऐकू येऊ लागले. जे बोलवत नाही त्यावर ओढलेले ते पांघरूण असावे.

कमवा व शिका योजनेतल्या मित्रांचा आक्षेप मला अजूनही खरा वाटतो. पांडुरंगाला परतायला घर होते, सगळ्यांना ते नसते. मुलींचा प्रश्नही खराच आहे. पण एकाच पुस्तकावर इतके खरे आक्षेप आणि इतके खरे प्रेम एकत्र नांदते, म्हणून तर ते प्रत्येक पिढीला नव्याने वाचावे लागते. ‘हा मीच’ म्हणून मिटण्याचे किंवा ‘लाडावलेला पोरगा’ म्हणून फेकण्याचे हे पुस्तक नव्हे.

मित्राच्या वडिलांना आज मी एवढेच सांगेन : काका, ह्यात एका मुलाचे दुःख आहे. तो ते हसून सांगतो, आणि ऐकणारे नुसते हसून मोकळे होतात. आम्हीही तेच केले.

— तृतीय वर्ष कला